उसनी कूस आणि मोबदल्याचा हिशेब

दुसऱ्या जोडप्याचे मूल नऊ महिने पोटात वाढवून ते त्यांच्या स्वाधीन करणाऱ्या स्त्रीला सरोगेट माता म्हणतात. मराठीत या व्यवहाराला कुणी 'उसने मातृत्व' म्हटले, कुणी 'भाडोत्री मातृत्व'. हे दोन्ही शब्द नीट तपासून पाहिले तर वादाचे मूळ त्यांतच सापडते. उसने घेतलेले परत करायचे असते आणि त्याला भाडे पडत नाही. भाडोत्री वस्तूचे भाडे ठरवावे लागते, ते कोणी ठरवायचे आणि कोणाच्या हाती द्यायचे हेही पाहावे लागते. भारतात साधारण वीस वर्षे हा व्यवहार भाड्याच्या नात्याने चालला. २०२२ पासून तो कायद्याने उसनवारीचा झाला आहे. या बदलात त्या स्त्रीच्या हाती पूर्वी काय पडत होते आणि आता काय पडू शकते, याचा तपशील मात्र फारसा कुणी मांडत नाही.

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील वाचकांना हा विषय मुंबई-गुजरातचा वाटण्याची शक्यता आहे. वंध्यत्वावर उपचार करणारी केंद्रे आता या दोन्ही शहरांत आहेत. शिवाय खानदेशाचे सुरतेशी नाते जुने आहे. भुसावळहून निघालेली रेल्वे जळगाव, अमळनेर, नंदुरबार करीत तापीच्या काठाने सुरतेला जाते आणि सुरतेपासून बडोद्याच्या पुढे आणंद फार लांब नाही. भारतातील व्यापारी सरोगसीची राजधानी म्हणून जगभर गाजलेले गाव ते हेच. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. कामासाठी घर सोडणे येथल्या अनेक कुटुंबांना नवे नाही. चाळीसगाव तालुक्यातील तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या दरवर्षी घराला कुलूप लावतात. ज्या भागात रोजगार हंगामी असतो आणि कर्ज बारमाही असते, त्या भागातील तरुण, एक-दोन मुले असलेली, निरोगी विवाहित स्त्री हीच दलालांच्या दृष्टीने योग्य उमेदवार ठरते.

बाजार कसा उभा राहिला

प्रयोगशाळेत फलन करून गर्भ गर्भाशयात सोडण्याचे तंत्र हा या सगळ्याचा पाया. जगातील पहिले असे मूल जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्माला आली. त्यांच्या वाट्याला त्या काळी उपेक्षाच आली, ही आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासातील लाजिरवाणी नोंद आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाने हे तंत्र यशस्वी करून दाखविले आणि मग त्याचा प्रसार झाला. जोडप्याच्या बीजांडापासून व शुक्राणूपासून तयार झालेला गर्भ तिसऱ्याच स्त्रीच्या गर्भाशयात वाढविता येतो, हे एकदा सिद्ध झाल्यावर त्या स्त्रीचा मुलाशी जनुकीय संबंध उरला नाही. व्यापाराला सोयीची ठरली ती हीच गोष्ट. 'मूल माझे नाही, फक्त जागा माझी' असे त्या स्त्रीला समजावणे त्यामुळे सोपे गेले.

२००४ च्या सुरुवातीला आणंदमधील एका आजीने इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलीसाठी जुळ्यांना जन्म दिला. डॉ. नयना पटेल यांच्या रुग्णालयातील या प्रसंगाची बातमी जगभर झाली आणि पुढच्या काही वर्षांत परदेशी जोडप्यांची तेथे रीघ लागली. मुंबई, दिल्ली, हैदराबाद ही शहरेही मागे राहिली नाहीत. अमेरिकेत ज्या गोष्टीला एक लाख डॉलरच्या पुढे खर्च येतो, ती येथे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात होत होती. इंग्रजी बोलणारे डॉक्टर होते आणि अडवणारा कायदा नव्हता. विधी आयोगाने ऑगस्ट २००९ मध्ये सादर केलेल्या २२८ व्या अहवालात या क्षेत्राला २५ हजार कोटी रुपयांचा सोन्याचा हंडा म्हटले होते.

हंड्यातले सोने कोणाकोणात वाटले जात होते, हे समजण्यासाठी व्यवहाराची साखळी पाहावी लागते. सर्वांत वर मूल हवे असलेले जोडपे. त्यांच्याकडून पैसे घेणारे रुग्णालय किंवा एजन्सी, कधी दोन्ही एकाच छत्राखाली. एजन्सीच्या हाताखाली एजंट. ही बहुधा वस्तीतलीच बाई असे, पुष्कळदा पूर्वी स्वतः सरोगेट माता झालेली आणि एका उमेदवारामागे ठरीव दलाली घेणारी. वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींतूनही अशा स्त्रियांचा शोध घेतला जाई. साखळीच्या शेवटच्या कडीला ती स्त्री आणि तिचा नवरा. नवऱ्याची सही करारावर लागत असे. जोडप्याने किती रक्कम मोजली हे तिला ठाऊक नसे, आणि तिला किती मिळाले हे जोडप्याला नेमके कळेलच याची खात्री नसे. मधल्यांची कमाई या अज्ञानावर उभी होती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यांत सरोगेट मातेला गरोदरपणाचा सर्व वास्तव खर्च मिळावा, आर्थिक व्यवहाराची कागदोपत्री नोंद असावी आणि उपचार केंद्राने पैशाच्या व्यवहारात पडू नये, असे स्पष्ट म्हटले होते. वयाची कमाल मर्यादा ४५ वर्षे होती आणि आयुष्यात तीनपेक्षा अधिक वेळा कोणी सरोगेट माता होऊ नये असेही त्यात होते. सूचनांना कायद्याचे बळ नव्हते. उपचार केंद्रांनी पैशापासून दूर राहावे ही अट तर सर्रास कागदावरच राहिली.

हप्त्यांची गोष्ट

मोबदला एकरकमी कधीच दिला जात नसे. करार झाल्यावर किरकोळ रक्कम, गर्भ सोडल्यावर काही, गर्भाच्या हृदयाचे ठोके सोनोग्राफीत दिसल्यावर काही, मग दरमहा खुराकासाठी थोडे, आणि मोठा हिस्सा प्रसूतीनंतर मूल हवाली केल्यावर, असा साधारण क्रम होता. ज्या ठिकाणी स्त्रियांना नऊ महिने वसतिगृहात ठेवले जाई, तेथे राहण्याजेवण्याचा खर्च जोडप्याच्या बिलात लागे. घरी ठेवलेली आपली मुले त्या स्त्रीला रविवारी किंवा नेमून दिलेल्या दिवशी भेटत. त्या मुलांना कोणी सांभाळायचे, स्वयंपाक कोणी करायचा, हे खर्च कोणत्याच बिलात नव्हते. ते काम आजीने, नणंदेने किंवा थोरल्या मुलीने केले, आणि थोरल्या मुलीने केले असेल तर तिची शाळा बुडाली.

रकमांबद्दल विश्वासार्ह म्हणता येईल असा एक आकडा बीबीसीने २०१३ मध्ये आणंदहून दिलेल्या वृत्तांतात मिळतो. तेथे सरोगेट मातेला एका मुलासाठी सुमारे ८ हजार डॉलर, जुळ्यांसाठी सुमारे १० हजार डॉलर मिळत. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झाला तर सुमारे ६०० डॉलर. जोडप्याकडून मात्र यशस्वी प्रसूतीसाठी सुमारे २८ हजार डॉलर घेतले जात. म्हणजे नऊ महिने शरीर गहाण टाकणाऱ्या स्त्रीचा वाटा एकूण रकमेच्या तीन-दशांशाहूनही कमी होता. आणि हे देशातील सर्वांत प्रसिद्ध केंद्राचे. लहान शहरांतून दोन-तीन एजंटांच्या हातांतून गेलेल्या स्त्रीची स्थिती याहून बरी असण्याचे कारण नाही.

तरीही ही रक्कम त्या घरासाठी लहान नव्हती, हे मान्य केल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. आणंदमधील स्त्रियांमध्ये दीर्घकाळ राहून समाजशास्त्रज्ञ अमृता पांडे यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एका खेपेची कमाई कुटुंबाच्या जवळपास चार-पाच वर्षांच्या उत्पन्नाइतकी असे, असे त्यांना आढळले. घराचे छप्पर, मुलांची फी, नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज, मुलीचे लग्न, अशा कारणांसाठी हा पैसा वापरला गेला. या स्त्रियांना फसलेल्या आणि असाहाय्य समजणे त्यांनी नाकारले आणि त्या जे करतात त्याला 'श्रम' म्हटले. श्रम म्हटले की मजुरी, विश्रांती, अपघाताची भरपाई हे सारे प्रश्न आपोआप उभे राहतात. नेमके तेच प्रश्न बाजाराला आणि पुढे कायद्यालाही गैरसोयीचे ठरले.

सेंटर फॉर सोशल रिसर्च या दिल्लीच्या संस्थेने २०१२ च्या सुमारास आणंद, सुरत आणि जामनगर येथे पाहणी केली होती. बहुतेक स्त्रियांकडे कराराची प्रतच नव्हती, हे त्या पाहणीतले सर्वांत बोलके निरीक्षण म्हणावे लागेल. करार बहुधा इंग्रजीत, स्टँप पेपरवर, आणि सही किंवा अंगठा गर्भधारणा निश्चित झाल्यानंतर घेतलेला. पोटात गर्भ राहिल्यावर सौदा करण्याची ताकद कोणाची उरते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

हप्त्यांच्या प्रश्नावर सरकारी मसुद्यांनी घेतलेले वळण तर अभ्यासण्यासारखे आहे. २००८ च्या मसुद्यात मोबदला तीन हप्त्यांत देण्याची आणि त्यांतील ७५ टक्के सुरुवातीलाच देण्याची कल्पना होती. २०१० चा मसुदा आला तेव्हा हप्ते पाच झाले आणि ७५ टक्के रक्कम पाचव्या, म्हणजे प्रसूतीनंतरच्या हप्त्यात गेली. आकडा तोच राहिला, फक्त जागा बदलली. पण त्या बदलाने सगळी जोखीम जोडप्याच्या आणि एजन्सीच्या खांद्यावरून उचलून त्या स्त्रीच्या पोटावर ठेवली. सातव्या महिन्यात गर्भ दगावला तर तिच्या हाती एक-चतुर्थांशाहूनही कमी. इंजेक्शने, सुया, सक्तीची विश्रांती, पुष्कळदा सिझेरियन हे सर्व तिने सोसलेले असले तरी. स्त्रीआरोग्यावर काम करणाऱ्या 'समा' या गटाने या बदलावर त्याच काळात टीका केली होती. हे मसुदे कायद्यात कधीच उतरले नाहीत, परंतु धोरण आखणाऱ्यांच्या नजरेत पैसा श्रमाचा नसून 'मालाचा' होता, हे त्यांवरून दिसते. माल हाती पडल्यावर पैसे, हा किराणा व्यापाराचा नियम येथे लागू झाला.

जोखीम काल्पनिक नव्हती. मे २०१२ मध्ये अहमदाबादमध्ये परदेशी जोडप्याचे मूल वाढविणारी एक सरोगेट माता आठव्या महिन्यात तपासणीला गेलेली असताना कोसळली आणि मरण पावली. तातडीने शस्त्रक्रिया करून बाळ मात्र वाचविण्यात आले. तिच्या स्वतःच्या मुलांसाठी कायद्याने बंधनकारक अशी कोणतीही तरतूद त्या वेळी अस्तित्वात नव्हती.

न्यायालयापासून संसदेपर्यंत

व्यवहाराचे धागे न्यायालयात प्रथम गुंतले ते पैशावरून नव्हे, मुलाच्या नागरिकत्वावरून. जुलै २००८ मध्ये आणंद येथे एका जपानी जोडप्यासाठी जन्मलेल्या मुलीचे आईवडील तिच्या जन्माआधीच विभक्त झाले होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २००८ मध्ये निकाली निघाले. पाठोपाठ एका जर्मन दाम्पत्याच्या जुळ्यांचा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयापुढे आला. सरकारने जुलै २०१२ मध्ये परदेशी जोडप्यांसाठी वैद्यकीय व्हिसाची अट घातली. वकील जयश्री वाड यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेनंतर, नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी नागरिकांना भारतात सरोगसी करण्यास मनाई करण्यात आली. बाजाराचा सर्वांत किफायतशीर भाग त्या दिवशी बंद झाला. देशी ग्राहक राहिले.

ऑगस्ट २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने सरोगसी विधेयकाला मंजुरी दिली, तेव्हा सुषमा स्वराज यांनी पत्रकार परिषदेत कोणाचे नाव न घेता, गरजेची गोष्ट आता हौसेची झाली आहे, असा टोला लगावला होता. विधेयकाचा गाभा एकच होता. मोबदला बंद, जवळच्या नातेवाईक स्त्रीनेच परोपकार म्हणून मूल वाढवावे. हे विधेयक संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीकडे गेले आणि समितीने ऑगस्ट २०१७ च्या १०२ व्या अहवालात त्या गाभ्यालाच हात घातला. भारतीय कुटुंबात नातेवाईक स्त्रीवर येणारा दबाव पाहता विनामोबदला सरोगसी ही परोपकारापेक्षा सक्तीच अधिक ठरेल, असे समितीचे मत पडले. धाकटी जाऊ किंवा विधवा बहीण सासूसमोर, भावासमोर 'नाही' कशी म्हणेल, हा प्रश्न महाराष्ट्रातील कोणत्याही घराला परका नाही. समितीने 'भरपाईसह सरोगसी' सुचविली. बुडालेली मजुरी, आहार, कपडे, समुपदेशन, तिच्या स्वतःच्या मुलांचा सांभाळ आणि प्रसूतीनंतरची शुश्रूषा, या सर्वांचा त्यात समावेश व्हावा. रक्कम सक्षम प्राधिकरणाने ठरवावी आणि तिच्यावर घासाघीस होऊ नये. सरोगेट मातेच्या मोबदल्याविषयी देशात सरकारी पातळीवर झालेला हा सर्वांत विचारपूर्वक मांडलेला आराखडा होता. तो स्वीकारला गेला नाही.

भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या प्रवर समितीने फेब्रुवारी २०२० मध्ये जवळच्या नातेवाइकाची अट काढून 'इच्छुक स्त्री' हा शब्द सुचविला आणि विम्याची मुदत १६ वरून ३६ महिने केली. मोबदल्यावरील बंदी मात्र कायम राहिली. सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला.

आता कायदा काय देतो

या कायद्यानुसार परोपकारी सरोगसीत सरोगेट मातेवर होणारा वैद्यकीय खर्च, विहित केलेले अन्य खर्च आणि विमा, एवढेच देता येते. शुल्क, मानधन, बक्षीस, रोख अथवा वस्तुरूप लाभ यांपैकी काहीही दिले तर ती व्यापारी सरोगसी ठरते. वस्तुरूप हा शब्द महत्त्वाचा आहे. रोख न देता गाळा घेऊन दिला, दागिने केले, मुलाची फी भरली तरी तो कायद्याच्या नजरेत मोबदलाच. बुडालेल्या मजुरीचा उल्लेख व्याख्येत कोठेही नाही.

याचा अर्थ काय होतो ते साध्या आकडेमोडीने पाहता येते. २०२५-२६ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. महिन्याला २६ दिवस धरले तर नऊ महिन्यांची मजुरी ७३ हजार ८ रुपये होते. कापूस वेचणीला, केळीच्या बागेत, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये कामाला जाणारी स्त्री गरोदरपणाचे पहिले आणि शेवटचे काही महिने तरी कामाला मुकणारच. गर्भ सोडण्यापूर्वीच्या औषधांचे आणि फेऱ्यांचे आठवडे वेगळे. कायद्याने तिचा हा तोटा दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला नाही, म्हणजे तो तिच्याच खात्यावर राहिला. ज्या व्यवहारात डॉक्टर, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा, वकील आणि विमा कंपनी या प्रत्येकाला बाजारभावाने पैसे मिळतात, त्यात परोपकाराची अपेक्षा फक्त एकीकडूनच केली जाते, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. सरकारी नोकरीतील स्त्रियांची स्थिती थोडी निराळी. जून २०२४ मध्ये केंद्राने रजेच्या नियमांत दुरुस्ती करून सरोगसीच्या प्रसंगी सरोगेट माता आणि मूल स्वीकारणारी माता, यांपैकी ज्या केंद्रीय कर्मचारी असतील त्यांना १८० दिवसांची रजा देऊ केली. शेतमजूर बाईला रजा कसली आणि कोण देणार?

विम्याची तरतूद ही मात्र पूर्वीपेक्षा निश्चित सुधारणा आहे. मूल हवे असलेल्या जोडप्याने सरोगेट मातेच्या नावे ३६ महिन्यांचा विमा उतरविणे बंधनकारक असून, गरोदरपणातील आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीचा खर्च भागेल एवढी त्याची रक्कम असावी लागते. प्रकृतीची हानी आणि मृत्यू यांचाही विम्याच्या व्याख्येत समावेश आहे. अहमदाबादसारखी घटना आज घडली तर त्या कुटुंबाला हक्क सांगता येईल. त्यासाठी विम्याची प्रत त्या कुटुंबाच्या हाती असायला हवी, आणि कराराच्या प्रतीचा इतिहास पाहता ही बाब गृहीत धरण्यासारखी नाही.

सरोगेट माता होणारी स्त्री विवाहित, किमान एक स्वतःचे मूल असलेली आणि २५ ते ३५ वयाची असावी लागते. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते, आणि गर्भ सोडण्याचे प्रयत्न तीनच. तिचे स्वतःचे बीजांड वापरता येत नाही. एका वेळी एकच गर्भ सोडावा, अपवादात्मक स्थितीत तीनपर्यंत, असा नियम आहे. जुळ्यांसाठी जादा रक्कम मिळण्याच्या काळात दोन-तीन गर्भ सोडण्याचा जो प्रघात पडला होता, त्याला यामुळे आळा बसला. गर्भ सोडण्यापूर्वी तिला संमती मागे घेता येते. तिच्या लेखी संमतीशिवाय आणि प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय गर्भपात करता येत नाही.

मूल हवे असलेल्या जोडप्यात पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ असावे, आणि त्यांना हयात मूल नसावे. अपंग किंवा गंभीर आजारी मुलाच्या पालकांना येथे अपवाद आहे. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही ३५ ते ४५ या वयात ही मुभा आहे. २०२३ मध्ये दात्याचे बीजांड वापरण्यावर घातलेली बंदी फेब्रुवारी २०२४ मध्ये अंशतः उठविण्यात आली. कायदा येण्यापूर्वीच ज्या जोडप्यांचे गर्भ गोठवून ठेवलेले होते, त्यांना वयाची अट लागू होणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला.

जिल्ह्याच्या ठिकाणी कोणता मार्ग

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील जोडप्याला या मार्गाने जायचे झाल्यास आरंभ एजन्सीच्या दारातून होत नाही. गर्भाशय नसणे वा सदोष असणे, वारंवार गर्भपात, उपचारांचे अनेक प्रयत्न निष्फळ ठरणे, किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार, यांपैकी वैद्यकीय कारण असल्याचा दाखला जिल्हा वैद्यकीय मंडळ देते. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचा आरोग्य अधिकारी, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे या मंडळाचे स्वरूप असते. त्यानंतर जोडपे आणि सरोगेट माता या दोघांच्या अर्जावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मुलाचे पालकत्व व ताबा यांविषयी आदेश देतात. बाळ जन्मल्यावर हाच आदेश जन्मनोंदीचा आधार ठरतो. विमा, जोडप्याचे आणि सरोगेट मातेचे पात्रता दाखले, मग नोंदणीकृत केंद्रातील प्रक्रिया. केंद्राची नोंदणी राष्ट्रीय नोंदवहीत आहे की नाही हे ऑनलाइन पाहता येते आणि ते पाहूनच पाऊल टाकावे.

या साखळीत मध्यस्थाला जागाच नाही. सरोगेट माता निवडण्यासाठी संघटित टोळी चालविणे, दलाल किंवा मध्यस्थ वापरणे, त्याची जाहिरात करणे, हे सर्व गुन्हे असून त्यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मोबदला देऊन मूल मिळवू पाहणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. सरोगेट मातेवर पतीने, जोडप्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली, असेच न्यायालय विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरते. 'सरोगसी एजन्सी' अशी पाटी लावून पॅकेजचा दर सांगणारा कोणीही आजच्या घडीला गुन्ह्याचीच कबुली देत असतो.

मुलाची लिंगनिवड सरोगसीतही निषिद्ध आहे, आणि खानदेशात हे कलम शोभेचे नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे अवघ्या ८४२ मुली होत्या. राज्यात याहून वाईट आकडा बीडचा होता. गर्भलिंग तपासणीवर दोन दशकांहून अधिक काळ कडक कायदा असताना ही स्थिती होती, यावरून बंदी आणि तिची अंमलबजावणी यांतले अंतर समजावे.

परदेशांत मोबदल्याचा प्रश्न दोन टोकांना सोडविलेला दिसतो. कॅलिफोर्नियात एजन्सी कायदेशीर आहे. तेथे जोडप्याला सर्व रक्कम आधीच तिऱ्हाइताच्या खात्यात ठेवावी लागते, सरोगेट मातेचा स्वतंत्र वकील असतो आणि मूळ मोबदल्याखेरीज बुडालेला पगार, मुलांचा सांभाळ, सिझेरियन, गर्भाशय गमवावे लागणे यांसाठी करारात वेगवेगळे आकडे लिहिलेले असतात. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने व्यापारी मध्यस्थांना बंदी आहे, परंतु 'वाजवी खर्च' देता येतो आणि त्यात बुडालेली कमाई धरली जाते. भारताने इंग्लंडची बंदी घेतली, तेथला वाजवी खर्च मात्र घेतला नाही.

मराठी प्रेक्षकांनी हा विषय समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय' या चित्रपटात पाहिला होता. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे २०२१ मध्ये त्यावरून 'मिमी' हा हिंदी चित्रपट निघाला. दोन्हींत भर आहे तो आईच्या मायेवर. पैसा येतो तो कथेला गती देण्यापुरता. वास्तवात क्रम बहुधा उलटा असतो.

कायदा आल्यानंतर खुला बाजार थांबला, पण मूल हवे असलेल्या जोडप्यांची गरज आणि पैसा हवा असलेल्या घरांची अडचण या दोन्ही जागच्या जागी आहेत. 'इच्छुक स्त्री' ही व्याख्या आता नातेवाइकापुरती मर्यादित नसल्याने, अनोळखी स्त्री परोपकारबुद्धीने पुढे आली आहे असे शपथपत्र करणे शक्य आहे आणि त्याआड रोखीचा व्यवहार दडविणेही. अशा व्यवहारात ठरलेली रक्कम बुडाली तर ती स्त्री दाद कोठे मागणार? करार दाखवावा तर तोच बेकायदा. पूर्वी तिच्याकडे कराराची प्रत नसे, आता असलेली प्रत तिला लपवावी लागेल. तक्रारीचा एक मार्ग मात्र खुला आहे. कोणत्याही नागरिकाला किंवा सामाजिक संस्थेला सक्षम प्राधिकरणाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात जाता येते. गर्भलिंग निदानाच्या लढ्यात याच वाटेने महाराष्ट्रातील अनेक कार्यकर्ते गेले होते.